भंडारा जिल्ह्यातील जेवणाची जागा

भंडारा जिल्ह्यातील पारंपरिक घरात जेवणासाठी स्वतंत्र खोली नसे. स्वयंपाकघर, माजघर किंवा ओसरी यांपैकी सोयीच्या मोकळ्या भागात पाट मांडून जेवणाची जागा तयार केली जाई आणि जेवण आटोपल्यावर ती मोडली जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डायनिंग टेबल रूढ होऊ लागल्यावर हीच जागा बैठकीच्या खोलीला जोडून कायमची झाली. पूर्व विदर्भातील हा जिल्हा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असल्यामुळे या बदलाला येथे एक वेगळी बाजू आहे. जी भांडी पूर्वी जेवणाच्या जागेचा मुख्य सरंजाम होती, ती आता बहुतेक घरांत त्या जागेची केवळ शोभा झाली आहेत.

पार्श्वभूमी

भंडारा जिल्हा वैनगंगा नदीच्या खोऱ्यात वसला असून भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी हे त्याचे सात तालुके आहेत. १९९९ साली त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. भात हे मुख्य पीक असून तलावांची संख्या मोठी असल्याने त्याला ‘तलावांचा जिल्हा’ म्हणतात. भंडारा शहराची ओळख मात्र ‘पितळनगरी’ अशी आहे. शहराचे नाव ‘भाणा’ म्हणजे पितळी ताट या शब्दावरून आले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. जुन्या मराठीत ‘भाणे’ हा शब्द जेवणाच्या ताटाला वापरला जात असे. रतनपूर येथील शिलालेखात ‘भानारा’ असा उल्लेख सापडतो, त्यावरून हे नाव जुने असल्याचे दिसते. तथापि ते ताटावरूनच आले असे त्यावरून सिद्ध होत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती आणि त्यांपैकी जवळजवळ चार-पंचमांश लोक खेड्यांत राहत होते. त्यामुळे जेवणाच्या जागेचा विचार केवळ शहरातील सदनिकांपुरता करून चालत नाही. मातीची जुनी घरे, शासकीय योजनेतील घरकुले, शेतकऱ्यांची नवी सिमेंटची घरे आणि सदनिका असे सर्व प्रकार जिल्ह्यात एकाच वेळी नांदतात.

पारंपरिक घरातील जागा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या झाडीपट्टीच्या भागातील जुने घर सामान्यतः मातीच्या भिंतींचे व कवेलूंच्या उतरत्या छपराचे असते. समोर ओसरी किंवा छपरी, आत माजघर, त्याला लागून स्वयंपाकाची खोली आणि मागे आंगण व बाडी अशी त्याची रचना असते. जमीन शेणाने सारवलेली असे. सारवलेल्या जमिनीवर बसणे, जेवणे, धान्य निवडणे आणि झोपणे ही सर्व कामे वेळेनुसार एकाच जागी होत. आधुनिक गृहरचनेत बैठक व जेवणाची जागा यांत भिंत नसलेल्या दालनाला ‘मोकळी रचना’ म्हटले जाते. त्या अर्थाने जुन्या घराचे माजघर मोकळेच होते. मात्र तेथे जागेची विभागणी वस्तूंनी नव्हे, वेळेने होत असे.

ऋतूप्रमाणे जागा बदलत असे. पावसाळ्यात व थंडीत चुलीजवळ, उन्हाळ्याच्या रात्री आंगणात आणि पाहुणे असल्यास ओसरीवर पाने मांडली जात. शेतीच्या हंगामात पुरुष व मजूर शेतावरच जेवत. घरात जेवणाची जागा ओळखण्याची खूण म्हणजे जेवणानंतर तेवढ्या भागाला पुन्हा फिरवलेले शेणाचे पोतेरे. उष्टे-खरकटे काढून जागा शुद्ध करण्याच्या या प्रथेमुळे जमीन रोज निदान दोनदा स्वच्छ होत असे. सारवणाचे काम मात्र संपूर्णतः स्त्रियांच्या वाट्याला येई.

पाट, रांगोळी आणि ताट

पंगतीचा सरंजाम थोडा आणि हलता असतो. बसायला पाट, तो नसल्यास शिंदीच्या पानांची चटई, सतरंजी किंवा घोंगडी वापरतात. पाट सागवान, शिवण किंवा आंब्याच्या लाकडाचे असत. सागवान, बीजा, ऐन व शिवण ही झाडे या भागातील जंगलांत मिळत असल्याने सुतारकामाला स्थानिक लाकूड उपलब्ध होते. विशेष प्रसंगी पाहुण्याला बसायला एक व ताट ठेवायला दुसरा पाट किंवा चौरंग दिला जाई. ताटाभोवती रांगोळीची महिरप आणि जवळ समई किंवा उदबत्ती, इतकीच सजावट असे. महिरप ही नुसती नक्षी नव्हती. मोकळ्या खोलीत एका माणसाची जेवणाची हद्द ती आखून देई, आणि ती ओलांडून कोणी चालत जात नसे.

ताटातील मांडणीही ठरलेली असते. वरच्या बाजूस मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, लोणचे व कोशिंबीर, उजवीकडे भाजी व पातळ पदार्थ, आणि मध्यभागी वरण-भात ही मराठी ताटाची सर्वसामान्य रीत भंडाऱ्यातही पाळली जाते. केळीच्या पानावर जेवताना पानाचे टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येते. मोठ्या जेवणावळींत मात्र केळीच्या पानापेक्षा पळसाच्या पानांची पत्रावळ आणि द्रोण यांचा वापर अधिक होता. मोहाच्या पानांच्या पत्रावळीही केल्या जात. त्या बांबूच्या बारीक काड्यांनी टाचत.

भात हे मुख्य अन्न असल्याचा ताटाच्या आकारावर थेट परिणाम झाला. भातावर पातळ वरण किंवा मासळीचा रस्सा घेऊन हाताने कालवून खायचे, तर ताटाला उभा काठ लागतो. त्यामुळे उंच काठाचे ताट या भागात सोयीचे ठरले. टेबलासोबत बाजारात आलेल्या पसरट, उथळ चिनीमातीच्या बशा दिसायला चांगल्या असल्या, तरी भातखाऊ घरात त्या फारशा उपयोगी पडत नाहीत, आणि अनेक घरांत त्या पाहुण्यांसाठी कपाटातच राहतात.

पितळी भांडी

भंडाऱ्यातील पितळी भांड्यांचा व्यवसाय प्रामुख्याने कासार समाजाकडे होता. पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू असून भांड्यांच्या पितळेत जस्ताचे प्रमाण सामान्यतः ३० ते ४० टक्के असते. तांबे १०८५° से. तापमानाला वितळते, तर जस्त ९०७° से.लाच उकळू लागते. म्हणून नवे पितळ तयार करताना तांबे आधी वितळवून जस्त नंतर मिसळावे लागते, अन्यथा ते वाफ होऊन उडून जाते. प्रत्यक्षात बरेचसे काम मोडीवर चालते. जुनी, फुटकी भांडी मुशीत वितळवून त्यांच्या लाद्या ओततात, त्या ठोकून वा लाटून पत्रा करतात आणि पत्र्याला ऐरणीवर आकार देतात. शेवटी लहान हातोडीने सारखे ठोके देऊन पृष्ठभाग घट्ट करतात. याला मठारणे म्हणतात. मठारल्याने पत्रा कडक होतो आणि त्यावर खवल्यांसारखी चमक येते. मठारलेल्या भांड्यावरील ठोक्यांच्या ओळी पूर्णपणे एकसारख्या नसतात, यावरून हातकाम ओळखता येते.

जेवणाच्या जागेतील भांड्यांना विदर्भात स्वतःची नावे आहेत. पाणी भरण्याचे मोठे भांडे म्हणजे गुंड, पाण्याचा लोटा म्हणजे गडवा, भाजी-वरण शिजवण्याचे उभट भांडे म्हणजे गंज आणि मोठे पसरट ताट म्हणजे कोपर. यांखेरीज परात, वाट्या, फुलपात्रे, पंचपाळे व घंगाळ ही भांडी घरोघरी असत. ती स्वयंपाकघरातील फळीवर उतरत्या क्रमाने रचून ठेवत. मातीच्या अंधाऱ्या घरात दारातून येणारा उजेड या ओळींवर पडून परावर्तित होई. बाहेरच्या माणसाला घराची सांपत्तिक स्थितीही याच फळीवरून कळत असे.

पितळी भांडे ही घराची बचत होती. ते वजनावर विकत घेतले जाई आणि मोड म्हणून वजनावरच परत देता येई. लग्नात मुलीला भांडी देत. आहेर देणाऱ्याचे नाव, गाव व साल ठिपक्यांच्या अक्षरांत भांड्यावर कोरले जाई. अडचणीच्या वर्षी हीच भांडी गहाण पडत. त्यामुळे अनेक कुटुंबांत सर्वांत जुना लिखित पुरावा कागदावर नसून एखाद्या कोपराच्या काठावर आढळतो. जुनी भांडी मोडीत घालताना हे लेख वितळून नष्ट होतात, ही स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने मोठी हानी आहे.

या भांड्यांची मर्यादा आंबट पदार्थांची आहे. चिंच, ताक, टोमॅटो किंवा लिंबू यांच्यातील आम्लाने तांबे अन्नात उतरते, पदार्थ कळकतो आणि ते आरोग्यास अपायकारक असते. म्हणून आतून कथलाचा लेप देतात, त्यास कल्हई म्हणतात. भांडे तापवून नवसागराने आतील बाजू स्वच्छ करतात व त्यावर कथील टेकवून कापसाच्या बोळ्याने वितळते कथील पसरवतात. कथील २३२° से.लाच वितळते, त्यामुळे हे काम भात्याच्या साध्या शेगडीवर रस्त्याच्या कडेलाही होत असे. रोजच्या वापराने कल्हई झिजते व वारंवार करून घ्यावी लागते. तांबे व कथील यांचे कांस्य (कासे) मात्र तुलनेने कमी अभिक्रियाशील असल्याने काशाच्या ताटाला कल्हई लागत नाही. ते महाग व ठिसूळ असते.

स्टेनलेस स्टीलची भांडी आल्यावर कल्हई, चिंच आणि राख या तिन्हींची गरज संपली. स्टील हलके, न डागणारे आणि धुण्यास सोपे होते. पितळेविषयीच्या आजच्या हळव्या लेखनात हा मुद्दा अनेकदा सुटतो: रोज दोन वेळा पितळेचा ढीग घासणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने स्टील ही मोठी सुटका होती. कासारांच्या धंद्यावर मात्र त्याचा आघात झाला. रोजच्या जेवणातून पितळ गेल्यावर देवपूजेची उपकरणी, समया, लग्नाची भांडी आणि शोभेच्या वस्तू यांवर कारागिरांची भिस्त राहिली.

पंगत आणि भेद

मोडता येणारी जेवणाची जागा लवचीक होती, पण ती सर्वांसाठी समान नव्हती. घरात आधी पुरुष व मुले, नंतर स्त्रिया असा क्रम होता. वाढणारी स्त्री शेवटी, उरलेल्या अन्नावर, बहुधा चुलीजवळच पाटाशिवाय जेवत असे. मासिक पाळीच्या काळात स्त्रीला वेगळी बसवून वरून वाढले जाई. गावजेवणात जातीनुसार पंगती वेगळ्या बसत आणि दलितांना आवाराबाहेर किंवा सर्वांत शेवटी वाढण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र होती. कोणी कोणाशेजारी बसावे आणि कोणाच्या हातचे खावे, हे ठरवणारी सर्वांत कडक जागा जेवणाचीच होती.

यामुळेच समाजसुधारणेच्या चळवळींनी जेवणालाच हात घातला. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत जातिबंधन मोडल्याची खूण म्हणून सभासदांना एकत्र खावे लागे. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य झाले. विसाव्या शतकात सहभोजने झाली. १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर पूर्व विदर्भातील मोठ्या समाजाने जातीचे नियम पाळणारी पंगत आणि तिच्याशी जोडलेले कर्मकांड नाकारले. या इतिहासामुळे पंगतीच्या परंपरेकडे सर्व वाचक सारख्याच आठवणीने पाहत नाहीत.

टेबलाचा प्रवेश

गोव्यात पोर्तुगीज प्रभावामुळे जेवणाचे टेबल व त्यासाठी वेगळे दालन बरेच आधी आले. विदर्भात ते इंग्रजी अमलाबरोबर आले. १८५३ साली नागपूरचे भोसले संस्थान खालसा झाल्यावर भंडारा इंग्रजी अमलाखाली गेले. साहेबाच्या बंगल्यात आणि डाक बंगल्यात टेबल-खुर्ची होती; ती मिशनच्या व नंतर वकील-अधिकाऱ्यांच्या घरांत आली. सोवळे-ओवळे मानणाऱ्या घरांत टेबलावर जेवणे बाटण्यासारखे समजले जाई, कारण लाकडी टेबल सारवता येत नाही आणि एकाचे खरकटे दुसऱ्याच्या ताटाजवळ पडते.

सामान्य घरात टेबल स्थिरावण्यास दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. पहिली म्हणजे फरशी व ओट्याचे स्वयंपाकघर. चूल जमिनीवरून ओट्यावर गेली, स्वयंपाक उभ्याने होऊ लागला आणि वाढण्यासाठी प्रत्येक वेळी वाकणे जाचक वाटू लागले. दुसरी म्हणजे वृद्धांचे गुडघे. अनेक कुटुंबांत पहिली खुर्ची आजी-आजोबांसाठी येते आणि टेबल तिच्यामागून येते. टेबलाभोवती स्त्री-पुरुष एकाच वेळी बसू लागले, हा त्याचा मोठा सामाजिक परिणाम होय. अर्थात गरम पोळ्या करण्याचे काम जोवर एकाच व्यक्तीकडे आहे, तोवर तिची खुर्ची रिकामीच राहते. स्वयंपाकघर व जेवणाची जागा यांतील भिंत काढल्याने ही अडचण संपत नाही, पण निदान ओट्याशी उभी असलेली व्यक्ती संभाषणात राहते.

मोकळ्या दालनातील मांडणी

शहरातील सदनिकांत ‘हॉल’ एकच असतो आणि त्याचा स्वयंपाकघराकडील भाग जेवणासाठी राखला जातो. येथे पहिला प्रश्न मापाचा आहे. टेबलाची उंची सुमारे ७५ सें.मी. व खुर्चीच्या बैठकीची सुमारे ४५ सें.मी. असते. प्रत्येक जेवणाऱ्यास टेबलाच्या कडेची सुमारे ६० सें.मी. लांबी लागते. चार जणांसाठी १२० × ७५ सें.मी.चे टेबल पुरते, सहा जणांसाठी १५० ते १८० सें.मी. लांबी लागते. खुर्ची मागे सरकवून उठण्यासाठी व मागून जाण्यासाठी ९० सें.मी. मोकळे ठेवावे लागतात. म्हणजे चार जणांचे टेबल चारही बाजूंनी मोकळे ठेवले, तर ते सुमारे ३ मीटर × २.५ मीटर जागा अडवते. लहान हॉलमध्ये हे शक्य नसते. अशा ठिकाणी टेबलाची एक बाजू भिंतीला लावणे, त्या बाजूला भिंतीलगत बाक करणे किंवा घडीचे टेबल वापरणे हे उपाय केले जातात. त्यांपैकी बाकाची पद्धत मराठी घरास विशेष मानवते. बाकावर मांडी घालून बसता येते, आणि मुले कितीही आली तरी मावतात.

दोन भाग वेगळे दाखवण्यासाठी भिंतीऐवजी सोफ्याची पाठ, उघडी मांडणी, बांबूचा पडदा, फरशीचा बदललेला रंग किंवा टेबलावरील स्वतंत्र दिवा यांचा उपयोग होतो. जिल्ह्यात बुरूड कारागीर बांबूचे विणकाम करीत असल्याने बांबूचा पडदा हा स्थानिक व स्वस्त पर्याय आहे. परदेशी मासिकांतील चित्रांप्रमाणे टेबलावर लोंबता दिवा लावताना पंख्याचा विचार करावा लागतो. दिवा टेबलापासून सुमारे ७५ सें.मी. वर असावा असे मानतात. पण येथील मे महिन्यात पारा ४५° से.च्या आसपास जातो व पंख्याशिवाय जेवणे अशक्य असते. दिवा पंख्याच्या झोतात आला तर हलतो, आणि पात्यांच्या वर आला तर टेबलावर सावल्या नाचतात. त्यामुळे भिंतीवरील दिवा किंवा पंख्यापासून दूर सरकवलेला लोंबता दिवा अधिक सोयीचा होतो. कूलरच्या दमट झोतासमोर प्लायवुडचे टेबल ठेवल्यास त्याच्या कडा फुगतात.

हाताने जेवण्याच्या पद्धतीमुळे जवळ हात धुण्याचे बेसिन आवश्यक ठरते. ते बैठकीतून थेट दिसू नये, पण टेबलापासून चार-पाच पावलांत असावे. टेबलाचा पृष्ठभाग काळजीपूर्वक निवडावा लागतो. हळदीचे डाग पांढऱ्या व सच्छिद्र दगडावर कायमचे बसतात आणि लिंबू-चिंचेने संगमरवराची चकाकी जाते. ग्रॅनाइट, काच किंवा वार्निश केलेले सागवान त्या मानाने टिकाऊ असते. प्रत्यक्षात अनेक घरांतील टेबलाचा निम्मा भाग लोणच्याच्या बरण्या, औषधे, वर्तमानपत्रे व शाळेच्या वह्या यांनी व्यापलेला असतो, म्हणून जवळ एखादे कपाट असणे हे कोणत्याही शोभेच्या वस्तूपेक्षा महत्त्वाचे आहे.

घरकुल

ग्रामीण भागात मोकळी रचना ही आवड नसून मर्यादा आहे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) अंतर्गत घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौ. मी. ठरवलेले आहे. इतक्या जागेत कायमचे टेबल ठेवले, तर रात्री झोपायला जागा उरत नाही. अशा घरांत पाट व चटई यांचीच पद्धत चालू आहे आणि तीच सर्वांत योग्य आहे. सिमेंटची जमीन हिवाळ्यात गार पडत असल्याने जाड सतरंजी, भिंतीवर टांगता येणारे पाट आणि भांड्यांची भिंतीवरील मांडणी ही तेथील खरी गरज असते. वृद्धांसाठी प्लॅस्टिकची खुर्ची व समोर स्टूल अशी तडजोड सर्रास आढळते.

सजावटीतील पितळ

नव्या घरांत पितळ जेवणाच्या जागेत परत आले आहे, पण वेगळ्या कामासाठी. घंगाळात पाणी घालून त्यावर फुले सोडतात आणि ते टेबलाजवळ ठेवतात. मूळचे हे भांडे आंघोळीच्या पाण्याचे असल्याने जुन्या पिढीला ही मांडणी चमत्कारिक वाटते. गुंड दिव्याच्या बैठकीसाठी, कोपर भिंतीवर आणि पंचपाळे मुखवासासाठी वापरले जाते. उघड्या पितळेवर हवेतील आर्द्रतेने काळसर थर येतो. तो चिंच, लिंबू-मीठ किंवा बाजारातील पावडरीने निघतो. वरून पारदर्शक लाखेचा थर दिल्यास चमक टिकते, परंतु असे भांडे पुन्हा अन्नासाठी वापरू नये. पाणी पिण्यासाठी गडवा व फुलपात्र मात्र काही घरांत रोज वापरले जाते.

भाद्रपदात महालक्ष्मी बसतात त्या घरी जेवणाच्या दिवशी टेबल भिंतीला सरकवून त्यावर पातेली ठेवली जातात. हॉलमधील खुर्च्या बाहेर जातात, फरशीवर सतरंज्या पसरतात आणि पाने जमिनीवर मांडली जातात. माळ्यावरची पितळी भांडी त्यापूर्वी काढून घासून ठेवावी लागतात, आणि ती घासायला आता कोणी बसायचे यावर दरवर्षी घरात चर्चा होते.